कोरडा खेळ

१

उत्तरा गुप्तेचा दिवस भांडणाने उजाडायचा. चहाचा पहिला कप संपायच्या आत ती कुणाला तरी फोन लावायची. कधी पाणीखात्यातल्या अभियंत्याला, कधी तिचा स्तंभ छापणाऱ्या संपादकाला, कारण त्याने हटकून शेवटचा परिच्छेद कापलेला असायचा. ठाण्यातल्या एका सायंदैनिकात तेहतीस वर्षं बातमीदारी करून ती निवृत्त झाली होती. वर्तकनगरातल्या तिच्या दोन खोल्यांना मात्र त्याची खबर लागलेली नव्हती. टेबलावर कात्रणं तशीच, आवाजाची पट्टीही तशीच.

तिचा सगळ्यात जुना वैरी म्हणजे मटक्याच्या आकड्याचा धंदा. तीन लेखमाला तिने त्यावर चालवल्या. एकदा कुणीतरी तिच्या स्कूटरची सीट ब्लेडने फाडली. एकदा दारात हळदकुंकू लावलेला नारळ येऊन पडला. तिने त्या नारळाची चटणी केली आणि ती कचेरीत डब्यात नेऊन सगळ्यांना खाऊ घातली.

तिचा राग हरणाऱ्यांवर नव्हता. राग होता तो पद्धत विकणाऱ्यांवर. जुन्या निकालांच्या चार्टवर तिरप्या रेघा ओढून उद्याचा आकडा काढून देणारे, स्वप्नात साप दिसला तर अमुक आणि प्रेत दिसलं तर तमुक असं सांगणारे, हरलास की दुप्पट लाव म्हणणारे. पूर्वी हे लोक टपरीच्या मागे बसायचे, आता मोबाइलवर वाहिन्या चालवतात. पत्त्यांना काल काय झालं ते आठवत नसतं, हे वाक्य तिने निरनिराळ्या शब्दांत चाळीस वेळा तरी छापून आणलं होतं.

म्हणून त्या सकाळी डोंबिवलीहून रसिकाचा फोन आला तेव्हा तिला आधी वाटलं, ऐकण्यातच काही चूक होतेय. रसिका म्हणजे तिच्या धाकट्या भावाची, सुधीरची बायको. सुधीरच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. डॉक्टरांनी बायपास सांगितली होती आणि दोन महिन्यांच्या पुढे ढकलू नका असं बजावलं होतं. आणि गणिताचा शिक्षक म्हणून तीस वर्षं काढलेला सुधीर दवाखान्यात जायला तयार नव्हता, कारण आठ दिवस घराबाहेर राहिलं तर त्याचा चार्ट मोडला असता.

२

ती खोली पूर्वी शिकवणीची होती. बाकं केव्हाच गेली होती. उरली होती एक लांबलचक भिंत, तिला फळ्यासारखा काळा रंग दिलेला, आणि त्या भिंतीवर जमिनीपासून माणसाच्या हाताच्या उंचीपर्यंत खडूने आखलेले चौकोन. प्रत्येकात एक आकडा. खिडकी बंद होती. खोलीत खडूचा कोरडा वास इतका दाट होता की उत्तराला घसा खाकरावा लागला.

सुधीर भिंतीपाशी वेताच्या खुर्चीत बसला होता. सत्तावन्न वर्षांचा माणूस सत्तरीचा दिसत होता. चेहरा मात्र शांत, परीक्षा घेणाऱ्या मास्तरासारखा.

उत्तराने बसायच्या आधीच सुरुवात केली. शिकलेसवरलेले आपण, बाबांनी आयुष्यभर पत्त्याला हात लावला नाही, वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, की त्याने एक रुपयासुद्धा कधी लावलेला नाही.

हे तिला अपेक्षित नव्हतं. तिने रसिकाकडे पाहिलं. रसिकाने मान हलवली. खरंच नाही लावत, ताई.

सात वर्षांपूर्वी दहावीची दोन मुलं आकडा लावताना सापडली होती. त्यांना धडा म्हणून सुधीरने भिंतीवर रोजचा निकाल लिहायला घेतला. चंद्रिका नावाचा बाजार, रोज दुपारी पावणेचारला त्याचा आकडा फुटतो. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, बेरजेतला शेवटचा अंक म्हणजे आकडा. शून्य ते नऊ, बस. शंभर दिवस लिहायचं आणि मुलांना दाखवायचं की यात काही नियम नाही.

"मग दाखवलंस?"

"नाही दाखवलं."

"का?"

"शंभर झाल्यावर वाटलं, थोडंसं आहे."

उत्तराच्या डोक्यात जाळ झाला. थोडंसं आहे! याच तीन शब्दांवर अख्खा धंदा चालतो. पण समोर आजारी माणूस होता, म्हणून तिने आवाज खाली ठेवून विचारलं, की आठ दिवसांचे आकडे नंतर मोबाइलवर बघून भिंतीवर भरता येतात, मग अडलंय कुठे?

"नंतर भरून चालत नाही, ताई. पावणेचारला इथे कुणीतरी असावं लागतं."

"कशासाठी?"

सुधीर भिंतीकडे पाहत राहिला. एखाद्याच्या समोर त्याच्याबद्दल बोलायचं नाही, तसा.

३

उत्तराला माणसं हरवायची एकच रीत ठाऊक होती. पुरावा समोर टाकायचा.

तिने पैज मांडली. तीस दिवस सुधीरने त्याच्या चार्टवरून रोज एक आकडा सांगायचा. तिने आंधळेपणाने एक काढायचा. स्टीलच्या डब्यात शून्य ते नऊच्या दहा चिठ्ठ्या, डबा हलवायचा, एक उचलायची. दोन्ही आकडे साडेतीनच्या आत कागदावर, कागद रसिकाच्या हातात. तीस दिवसांनी सुधीरची पद्धत निव्वळ नशिबापेक्षा, म्हणजे तिसात तिनापेक्षा, बरी ठरली नाही, तर त्याच दिवशी दवाखाना. रविवारी बाजार बंद, म्हणजे पाच आठवडे. डॉक्टरांनी दिलेली मुदत त्यात बसत होती.

सुधीर तयार झाला. जरा जास्तच लगेच तयार झाला, पण ते तिला नंतर जाणवलं.

पाच आठवडे ती वर्तकनगरहून रिक्षाने खोपटला यायची, तिथून बस धरून डोंबिवली. स्तंभाचा मजकूर ती बसमध्येच लिहायची. या मालिकेचा शेवट तिच्या डोक्यात तयार होता. नाव न घेता भावाची गोष्ट सांगायची, आणि शेवटी डबा. पोहे ठेवायचा डबा गणिताच्या मास्तराला भारी पडला, ही ओळ तर तिला फारच आवडली होती.

दुपारचा तो अर्धा तास मात्र तिला आवडायचा नाही. साडेतीन वाजले की सुधीर बोलणं थांबवायचा. शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी, खालच्या रस्त्यावरचा भंगारवाला, सगळं ऐकू येत असायचं आणि तरी खोलीत काहीतरी ऐकण्यासाठी थांबल्यासारखं वाटायचं. पावणेचारला मोबाइलवर आकडा झळकायचा, सुधीर उठून चौकोनात लिहायचा. खडूचा तो कर्रकन आवाज झाला की मगच तिला मोकळा श्वास घेता यायचा.

४

तीस दिवसांत सुधीरचे तीन आकडे बरोबर आले.

दहात एक, तिसात तीन. ठरवून मांडला असता तर याहून नेमका पुरावा मिळाला नसता. उत्तराने कागद टेबलावर आपटला आणि म्हणाली, कपडे भर.

सुधीरने कागद उचलला, पण आपल्या रकान्याकडे पाहिलंच नाही. बोट उत्तराच्या रकान्यावर ठेवलं आणि खाली खाली आणलं.

"माझं बरोबर आहे, ताई. तीन यायला हवेत, तीन आले. तुझे किती आले?"

तिचा एकही आला नव्हता.

हे तिच्या लक्षात आलेलं होतं. तिने मनातल्या मनात हिशेबही केला होता. तीस दिवस एकही न येणं, शंभरात चार वेळा घडतं. शंभरात चार म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही. तिने तसं सांगितलं. सुधीर वर्गात एखाद्या हुशार विद्यार्थ्याकडे बघावं तसं तिच्याकडे बघून हसला. म्हणाला, बरोबर आहे तुझं, शंभरात चार. मग अजून एक आठवडा काढ. रोज दोन चिठ्ठ्या काढ. नाहीतर तुझ्या लेखात ते शून्य कसं छापशील?

रसिका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती एरवी नणंदेशी मोजकंच बोलायची.

"ताई, तुम्ही जिंकलात ना? मग त्यांना घेऊन चला. ते शून्य राहू दे की."

इथे उत्तरा चुकली. पुढे तिने स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं, की एवढी साधी गोष्ट आपल्या हातून का सुटली. भाऊ शब्दाने बांधलेला होता, बाहेर रिक्षा मिळत होती. पण तेहतीस वर्षांत तिने अर्धवट पुराव्यावर बातमी दिली नव्हती. तिच्या रकान्यातलं ते शून्य तिला दातात अडकलेल्या काडीसारखं टोचत होतं. एका आठवड्याने काय बिघडतंय, असं ती म्हणाली. रसिका आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

५

दोन चिठ्ठ्यांचा आठवडा कोरडा गेला.

तिने पाच काढायला सुरुवात केली. दहातले पाच म्हणजे छापाकाटा. सहा दिवस तिने पाच आकडे लिहिले आणि सहाही दिवस आकडा उरलेल्या पाचांतून फुटला. त्या शनिवारी तिने बसमध्ये पुन्हा हिशेब केला. सगळं धरून सहा हजारांत एखादी वेळ. सहा हजारांत एखादी वेळसुद्धा घडतेच, कुणाच्या तरी वाट्याला येतेच, असं तिने कागदाच्या कडेला लिहिलं आणि तो कागद चुरगाळला. हेच वाक्य तिने एकदा एका पद्धतवाल्याच्या तोंडी घालून त्याची टर उडवली होती.

सुधीर मात्र खुलत होता. तो आता चार्टवरून आकडा काढतच नव्हता. तिच्या चिठ्ठ्या झाल्या की डब्यात काय उरलं तेवढं बघायचा. त्याच्या ओठांचा रंग निळसर दिसायला लागला होता.

कुणीतरी लबाडी करतंय, हाच एक शहाणा निष्कर्ष होता. घराबाहेर, गल्लीच्या तोंडाशी दौलतची पानटपरी होती. तो चंद्रिकाचे आकडे घ्यायचा. उत्तराने सरळ त्याच्यावर चाल केली. आमच्या घरातून आकडे बाहेर जातात का, बाजारवाल्यांना कोण कळवतं, सगळं धडाधड विचारलं.

दौलतने पानाला चुना लावता लावता ऐकून घेतलं. "मॅडम, पूर्ण बाजार तुमच्यासाठी आकडा बदलणार? तुम्ही काय मिनिस्टर लागून गेलात?"

"मग हे होतंय कसं?"

"तुम्ही दहा-वीस रुपये लावता काय?"

"मी एक पैसासुद्धा लावणार नाही."

त्याचा हात थांबला. पान अर्धवट तसंच ठेवून तो टपरीतून जरा पुढे वाकला. आवाज उतरला होता. "म्हणजे कोरडा खेळ. बहीणभाऊ दोघंपण?" मग तो म्हणाला, की त्याच्या टपरीवर नुसते आकडे लिहून बघणाऱ्याला तो उभं करत नाही. त्याच्या आधी ही टपरी चालवणारा मामाही करत नव्हता. "पैसे लावणारा हरतो, शिव्या देतो, घरी जातो. त्याचं काम संपलं. न लावणारा हरतच नाही ना मॅडम. मग तो घरी कधी जाणार?"

उत्तराने त्याला सुनावलं, की हे शहाणपण त्याने त्याच्या गिऱ्हाइकांच्या बायकांना सांगावं. परत येताना जिना चढायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

६

आठव्या आठवड्यातल्या सोमवारी तिने नऊ चिठ्ठ्या काढल्या. डब्यात चार उरला. चार फुटला.

मंगळवारी ती डोंबिवलीला गेलीच नाही. वर्तकनगरातल्या घराचं दार आतून लावलं, पडदे ओढले, चिठ्ठ्यांचा डबाही घेतला नाही. तीन चाळीसला तिने मनात येतील ते नऊ आकडे एका जुन्या बिलाच्या पाठीवर लिहिले, वर दुसरा हात धरून. सात तेवढा सोडला. कागद घडी करून मुठीत धरला. आता हे जगात एकाच माणसाला माहीत होतं.

मग तिने डोंबिवलीला फोन लावला. सुधीर काय करतोय एवढंच तिला पाहायचं होतं.

रसिकाने हळू आवाजात सांगितलं, की सकाळपासून बरं वाटत नव्हतं, गोळी दिलीय, बाहेरच्या खोलीत माझ्यासमोर झोपलेत. बोलवू का उठवून?

"नको," उत्तरा म्हणाली. आणि मग, रसिकाच्या आवाजाच्या मागे, तिला खडू ऐकू आला. एक लांब रेघ आडवी, एक तिरकी खाली.

"रसिका, भिंतीवर कोण लिहितंय?"

"कुठे कोण? घरात आम्ही दोघंच आहोत."

शेजारी फरशी घासत असतील. वरच्या मजल्यावर मिस्त्री आलेला असेल. फोनमध्ये कसलेही आवाज येतात. उत्तराने ही तिन्ही कारणं नीट ओळीने मनात मांडली आणि मोबाइलवर निकाल उघडला. सात.

संध्याकाळी रसिकाचा फोन आला. आजचा चौकोन भरलेला होता. गोळीच्या गुंगीत उठून लिहून आले असणार, ती म्हणाली. तिच्या आवाजावरून कळत होतं, की हे आपल्याला खरं वाटावं म्हणून तिने फोन केला होता.

७

बुधवारी दुपारी एकला सुधीरच्या छातीत दुखायला लागलं. अंगाला दरदरून घाम. रसिकाने ॲम्ब्युलन्स बोलावली, पण तो भिंतीपुढच्या खुर्चीतून उठेना. पावणेचार होऊ दे, एवढंच म्हणत होता. ॲम्ब्युलन्सवाल्याने हात लावला तर तो असा ओरडला, की त्यानेच माघार घेतली.

उत्तरा रिक्षाने निघाली. कळवा, मग शिळफाट्याचा तो न हलणारा रस्ता. रिक्षात बसल्या बसल्या तिला भीती वाटत होती हे खरं, पण भीतीच्या वर राग होता, आणि रागाची तिला सवय होती. कोण हा? तीन पत्त्यांची बेरीज! आपण लिहू त्याला टाळतो म्हणजे आपल्याला घाबरतो. घाबरणाऱ्याला कसं कोंडायचं, हे बातमीदाराला शिकवावं लागत नाही.

साडेतीन वाजून गेल्यावर ती खोलीत शिरली. चप्पलही काढली नाही. डबा उचलला आणि भिंतीसमोर, सुधीरच्या देखत, उलटा केला. दहाच्या दहा चिठ्ठ्या जमिनीवर पडल्या. तिने कागद भिंतीला टेकवून शून्यापासून सुरुवात केली.

सहापर्यंत आल्यावर सुधीरला कळलं. त्याने तिचं मनगट धरायचा प्रयत्न केला. हाताला जोर नव्हता.

"ताई, एक तरी सोड."

"का सोडू?"

"त्याला जायला एक तरी जागा ठेव गं."

"माझ्या भावाच्या घरात बसून मला जागा मागतोय तो? कोण लागून गेला?"

तिने सात लिहिला. आठ लिहिला. नऊ लिहून खाली अशी रेघ ओढली की कागद फाटला.

पावणेचार वाजले. मोबाइलवर आजच्या तारखेपुढची जागा रिकामी होती. तिने पान पुन्हा पुन्हा ताजं केलं. तीन शेहेचाळीस. तीन पन्नास. खालचा रस्ता गप्प झाला होता, शेजारचा कुकरही. पंखा फिरत होता आणि त्याचा आवाज येत नव्हता. उत्तराच्या मनात एक विचार फार स्पष्ट येऊन उभा राहिला. आपण धरून चाललो होतो की ते बाहेर आहे. सगळी दारं लावली की जे आत असतं ते आत राहतं.

मग सुधीरने मोठा श्वास घेतला. कुणीतरी खांद्यावरून हात काढल्यासारखा. "ताई, फार घाम येतोय," तो अगदी साध्या आवाजात म्हणाला. "चल, जाऊ या."

रसिकाने त्याला एका बाजूने धरलं, उत्तराने दुसऱ्या. तो उठला.

खुर्चीची वेताची बैठक मात्र वर आली नाही. ती खाली दबलेलीच राहिली, माणूस बसल्यावर दबते तशी.

उत्तराने ते पाहिलं. रसिकाला दिसू नये म्हणून ती मध्ये आली, दोघांना बाहेर काढलं, आणि खोलीला कुलूप घातलं. किल्ली फिरवताना आत खडूची एक रेघ उमटल्याचं तिला ऐकू आलं. सुधीरचे दोन्ही हात त्या वेळी रसिकाच्या गळ्यात होते.

८

ठाण्यातल्या रुग्णालयात त्याला दाखल केलं. शस्त्रक्रिया शुक्रवारी ठरली.

गुरुवारी दुपारी उत्तरा त्याच्या खाटेपाशी बसली होती. बुधवारचं सगळं तिने आपल्यापुरतं निकालात काढलं होतं. वेत जुना होता, सैल पडला होता. निकालाचं पान बंद पडलं होतं. सुधीर औषधाच्या गुंगीत होता, त्याच्या छातीचे ठोके पडद्यावर हिरव्या रेघेने चालले होते.

पावणेचारला त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं जवळ आली. खडू धरावा तशी. सुई टोचलेला तो हात चादरीवर सरकला आणि चौकोन आखायला लागला. एक बाजू, दुसरी, तिसरी. पडद्यावरची रेघ दाटून आली, यंत्र टिकटिकायला लागलं, नर्स पलीकडच्या खाटेवरून धावली.

उत्तराने पर्समधून पेन काढलं. विचार करायला वेळ नव्हता. औषधांच्या बिलाच्या पाठीवर तिने शून्य ते नऊ लिहून काढले, उभ्या उभ्या. नऊचं शेपूट पूर्ण झालं आणि सुधीरची बोटं सुटली. हात चादरीवर पडला.

नर्सने विचारलं, काही झालं का? उत्तरा म्हणाली, काही नाही, जुनी सवय आहे त्याची.

शुक्रवारी शस्त्रक्रियेच्या दालनाबाहेर तिने साडेतीनलाच कागद काढून ठेवला होता.

९

याला आता सव्वा वर्ष होईल. सुधीर बरा आहे. तो आणि रसिका वर्तकनगरात उत्तराच्या घरी राहतात. तो सकाळी फिरायला जातो, सोसायटीतल्या मुलांना अपूर्णांक शिकवतो. डोंबिवलीच्या घराचं तो नाव काढत नाही, आणि रसिका तिकडे ताईंना लोणचं पाठवताना डब्यावर फक्त त्यांचं नाव लिहिते, पत्ता रिक्षावाल्याला तोंडी सांगते.

उत्तरा डोंबिवलीला राहायला आली. सुरुवातीला तिने आपल्या घरून लिहून पाहिलं होतं. तेव्हा डोंबिवलीच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन आला, की तुमच्या बंद घरात कुणीतरी खुर्ची ओढतंय, आमच्या सासूबाईंना दुपारची झोप लागत नाही. तिने त्याच आठवड्यात सामान हलवलं. घटना जिथे घडते तिथे बातमीदाराने असावं.

चंद्रिका बाजार बसला. तीन आठवडे आकडाच फुटला नाही, तेव्हा लोकांनी पैसे परत मागितले आणि वरच्या मंडळींनी हात वर केले. तीन लेखमालांनी जे झालं नव्हतं ते झालं. दौलत आता टपरीवर लिंबूसरबत विकतो. उत्तरा दिसली की ग्लास पुढे करतो, पैसे घेत नाही, आणि तिच्या सावलीतही पाय ठेवत नाही. याची बातमी मात्र तिने दिलेली नाही. पुराव्यादाखल तिच्याकडे आहेत साडेचारशे कागद, प्रत्येकावर तेच दहा आकडे. ते पाहून संपादकाने काय केलं असतं ते तिला ठाऊक आहे.

रविवारी बाजार बंद असायचा, पण ती रविवारीही लिहिते. सुट्टी तिने नोकरीतसुद्धा कधी मागितली नव्हती. साडेतीनला ती कुलूपबंद दारासमोर स्टूल मांडते, चष्मा लावते आणि मांडीवर वही घेते. वय त्रेसष्ट, गुडघे दुखतात, हात अजून थरथरत नाही. आपल्यानंतर कोण, हा प्रश्न ती स्वतःला विचारत नाही. विचारला की दाराआडचा खडू थांबतो, कान दिल्यासारखा.

परवा तिने एक गोष्ट करून पाहिली. नऊ आकडे लिहिले आणि पेन थांबवलं. हे मुद्दाम केलं. आपण काय कोंडून धरलंय, त्याचा अंदाज तरी असावा.

पावणेचार वाजायला मिनिटभर होतं. आत वेत कुरकुरला. खुर्ची मागे सरकली, हलकेच, सावकाश, घाई नसलेल्या माणसाने सरकवावी तशी. मग पावलं. चार. दाराच्या खालच्या फटीतला उजेड मधोमध दोन ठिकाणी तुटला.

उत्तराने ते दोन तुकडे नीट पाहून घेतले. घड्याळाकडेही पाहिलं. आवाज निघाला तो तीस वर्षांपूर्वी पत्रकार परिषदेत मंत्र्यावर काढायची तोच.

"बस खाली," ती म्हणाली, आणि दहावा आकडा लिहिला.